स्की रिसॉर्ट निवडताना: आधी आठवडा, मग डोंगर, शेवटी नाव

स्कीइंगला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी नाव पक्कं करतात. झेरमॅट, व्हिस्लर, निसेको, व्हेल, कुठलं तरी ऐकलेलं नाव. मग सुट्टी बघून तारखा ठरतात आणि त्या तारखांना बर्फ असू दे अशी प्रार्थना सुरू होते. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा असायला हवा. एकाच डोंगरावर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लिफ्टखाली चार माणसं उभी असतात आणि महिन्याभराने शाळांच्या सुट्टीत तिथेच अर्धा तास रांग लागते. खोलीचं भाडं, बर्फाचा पोत, प्रशिक्षकाची वेळ मिळणं, सगळं आठवड्यावर ठरतं. म्हणून आधी आठवडा बघा, त्या आठवड्याला साजेसा डोंगर शोधा आणि नावाचा विचार सगळ्यात शेवटी करा.

आठवडा कसा ठरवायचा

उत्तर गोलार्धातला हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. त्यातला नाताळ ते नववर्ष हा काळ सगळ्यात महाग, सगळ्यात गर्दीचा आणि बर्फाच्या दृष्टीने सगळ्यात बेभरवशाचा. हंगामाची सुरुवातच असल्यामुळे जमिनीवर पुरेसा थर साठलेला नसतो. सुट्टी फक्त तेव्हाच मिळत असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा विचार पुढे करू.

नववर्षाची गर्दी ओसरल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. थंडी कडक असल्यामुळे पडलेला बर्फ कोरडा राहतो, हॉटेलं दर उतरवतात आणि रांगा छोट्या असतात. दिवस लहान आणि गारठा बोचरा, एवढाच तोटा. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र हा तोटा हलका समजू नका. उणे १५ अंशात खुर्चीच्या लिफ्टवर दहा मिनिटं बसलेलं मूल दुसऱ्या फेरीला तयार होत नाही.

फेब्रुवारीत पंचांगापेक्षा शाळांचं वेळापत्रक महत्त्वाचं. फ्रान्सने देशाचे तीन विभाग करून हिवाळी सुट्ट्या वाटून दिल्या आहेत, त्यामुळे तिथली गर्दी एकूण चार आठवडे पसरते. त्यातच ब्रिटनची मधली सुट्टी, नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या कार्निव्हलच्या सुट्ट्या मिसळतात. या सगळ्या जिथे एकमेकींवर येतात तो आठवडा टाळलात तरी अर्धं काम झालं. अमेरिकेत जानेवारी आणि फेब्रुवारी, दोन्ही महिन्यांतल्या तिसऱ्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते आणि त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार तुडुंब भरतो. जपानच्या होक्काइदो बेटावर जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य हा बर्फाचा ऐन बहर, पण चांद्र नववर्षाची तारीख बघून घ्या. त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड होतं.

मार्चला लोक उगाच कमी लेखतात. आल्प्समध्ये २,००० मीटरच्या वर बर्फाचा थर बहुधा मार्च-एप्रिलमध्येच सर्वाधिक जाड असतो, दिवस मोठे झालेले असतात आणि ऊन सुखाचं वाटतं. खालच्या उतारांवर मात्र दुपारी दोनपर्यंत सगळं पाणचट होतं. मार्च निवडायचा तर उंच डोंगरच घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये तर ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स किंवा स्वित्झर्लंडमधलं झेरमॅट अशा हिमनदीच्या जागा. या दोन्ही ठिकाणी वर्षभर स्कीइंग चालतं.

जून ते सप्टेंबरच मोकळे असतील तर चिली, अर्जेंटिना, न्यूझीलंड आहेतच. तिथेही जुलैतल्या शालेय सुट्ट्या टाळा.

वारांचाही हिशोब आहे. आल्प्समधल्या ज्या रिसॉर्टमध्ये लोक आठवडाभर मुक्कामाला येतात तिथे खोल्या बहुतेक शनिवार ते शनिवार दिल्या जातात. म्हणून शनिवारी रस्ते गच्च आणि उतार रिकामे. एक दिवस पुढे-मागे करून राहता आलं तर तो शनिवार सोन्यासारखा जातो. शहराजवळच्या डोंगरांचं याच्या बरोबर उलट. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी किंवा म्युनिकपासून गाडीने गाठता येणाऱ्या ठिकाणी शनिवारी सगळं शहर लोटतं, मंगळवारी तिथे शांतता असते.

डोंगर वाचायला शिका

जाहिरातीत उंची मोठ्या अक्षरात छापलेली असते. उंची महत्त्वाची आहेच. दर १०० मीटरला हवा सरासरी ०.६५ अंशाने थंड होते, म्हणजे हजार मीटरचा फरक साडेसहा अंशांचा. खाली पाऊस पडत असताना वर बर्फ पडतो तो यामुळे. पण कोणती उंची बघताय हे तपासा. सर्वात उंच टोकाचा आकडा लक्ष वेधतो, तुमचं बहुतेक स्कीइंग मात्र मधल्या पट्ट्यात होतं. नकाशा उघडा आणि मधल्या लिफ्ट कुठून कुठे जातात ते पाहा. फ्रान्समधलं व्हाल तोराँस हे गावच २,३०० मीटरवर आहे, त्यामुळे तिथे गावाच्या दारात बर्फ टिकतो. ऑस्ट्रियातलं किट्झब्युएल जेमतेम पावणेआठशे मीटरवर. ऊबदार आठवड्यात त्याचे खालचे उतार आधी जातात. व्हिस्लरचं गाव ६७५ मीटरवर, त्यामुळे गावात पाऊस आणि दीड-दोन हजार मीटरवर दाट बर्फ हे तिथलं नेहमीचं चित्र. वर जाणारी गोंडोला (बंद डब्यांची केबल कार) धडधाकट असेल तर त्यात बिघडत काहीच नाही.

उंचीचा नियम होक्काइदोतल्या निसेकोला मात्र लागू पडत नाही. तिथलं शिखर १,३०८ मीटरचं, आल्प्समध्ये ज्याला कुणी उंच म्हणणार नाही असं. तरी हंगामात पंधरा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. सैबेरियाकडून येणारी गार, कोरडी हवा जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलते आणि होक्काइदोच्या डोंगरांवर चढताना ते सोडते. थंडी सतत असल्यामुळे तो बर्फ हलका, पिठासारखा राहतो. यावरून लक्षात ठेवायचं ते एवढं: बाष्प कुठून येतं, वारा कोणत्या बाजूने येतो आणि डोंगर त्याला कुठे अडवतो, हे तीन प्रश्न उंचीइतकेच महत्त्वाचे.

समुद्राजवळच्या डोंगरांवर बर्फ भरपूर पण जड. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकर इथे १९९८-९९ च्या हंगामात जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला, तो विक्रम मानला जातो. पण त्याच किनाऱ्यालगतच्या रांगांत पाऊस मिसळण्याची शक्यताही जास्त. आत खोलवर असलेल्या कोलोराडोत पडतो कमी, पण कोरडा असतो आणि टिकतो. युटातल्या ऑल्टाला दोन्ही बाजूंचं बरं मिळतं: वादळं पॅसिफिककडून येतात, वाटेत बरंचसं जडपण टाकतात आणि तिथे भरपूर, हलका बर्फ पाडतात.

आता उताराचं तोंड कुठे आहे ते बघा. उत्तर गोलार्धात उत्तराभिमुख उतारावर ऊन तिरपं पडतं, बर्फ आठवडाभर जुना झाला तरी मऊ राहतो. दक्षिणेकडचा उतार दुपारी वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा कडक मिळतो. दक्षिण गोलार्धात हे उलट. जानेवारीत हा फरक थोडा, मार्चमध्ये तोच सगळं ठरवतो. पण मार्चमध्ये हाच खेळ तुमच्या बाजूनेही वळवता येतो. सकाळी साडेनऊच्या सुमाराला पूर्वेकडच्या उतारावर जा. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर नुकता सुटून रवाळ झालेला असतो, खालचा अजून घट्ट असतो आणि स्की त्यावर लोण्यातून सुरी जावी तशी वळते. तासाभरात पाय रुतायला लागले की दक्षिणेकडच्या बाजूला सरका आणि दुपारी पश्चिमेकडे. तासाला बाजू बदलण्याइतके वेगवेगळ्या दिशांचे उतार त्या रिसॉर्टमध्ये आहेत का, हे नकाशावर घरबसल्या तपासता येतं.

जमीन कशी आहे हाही मुद्दा आहे आणि तो कुणी सांगत नाही. गवताळ कुरणांवर पसरलेले उतार थोड्या बर्फातही उघडतात. खडकाळ, दगडधोंड्यांचा डोंगर नीट झाकला जायला कितीतरी जास्त थर लागतो. म्हणून डिसेंबरमध्ये उंच खडकाळ रिसॉर्टचे अर्धे उतार बंद आणि खालच्या कुरणाचे चालू, असंही घडतं.

कृत्रिम बर्फाला नाक मुरडू नका. हवा कोरडी असेल तर शून्याच्या आसपासही यंत्रं चालतात. दमट असेल तर तापमान बरंच खाली जावं लागतं. हा बर्फ घट्ट असतो, त्यामुळे पाया म्हणून उत्तम टिकतो. इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत नैसर्गिक बर्फ कमी पडतो, तरी तिथले उतार गुळगुळीत आणि उघडे असतात, कारण बर्फ बनवण्याची व्यवस्था जवळजवळ सगळ्या उतारांवर पोचलेली आहे. तयार उतारांवरच स्कीइंग करणाऱ्यांना तिथला भरवसा मोठा. आखलेल्या उतारांबाहेरचा ताजा, भुसभुशीत बर्फ हवा असणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं.

झाडांची रेषा सगळ्यात शेवटी तपासा. हिमवादळाच्या दिवशी वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडं जिथे संपतात त्या उंचीच्या, वर आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होते, उतार कुठे वळतो तेही कळत नाही. झाडं असतील तर नजरेला आधार मिळतो आणि वाराही अडतो. व्हाल तोराँस किंवा जॉर्जियातल्या गुदाउरीत झाडं जवळपास नाहीतच. वारा सुटला की आधी बंद होतात त्या उंचावरच्या लिफ्ट. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो. वारा आणि हिमस्खलनाचा धोका बघून तो बंद ठेवावा लागतो, म्हणून तिथे जाणाऱ्याने हातात दोन-तीन दिवस जादा ठेवायलाच हवेत.

बर्फाचे आकडे किती खरे

रिसॉर्ट स्वतःच्या संकेतस्थळावर ताज्या बर्फाचा आकडा देतं, आणि मोजणाराच विकणारा असतो. डार्टमथ कॉलेजमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे आकडे तपासले तेव्हा शनिवार-रविवारी नोंदवलेला ताजा बर्फ इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त निघाला. ढगांना वार कळत नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्कीअर फोनवरून लगेच खरी परिस्थिती कळवू लागल्यावर फुगवाफुगवी कमी झाली.

म्हणून तीन ठिकाणी पडताळा. कॅमेऱ्याचं थेट चित्र, तेही गावाचं नको, मधल्या स्थानकाचं. दुसरं, सरकारी किंवा संशोधन संस्थेची मोजणी: स्वित्झर्लंडमध्ये दावोसची हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था नकाशे देते, अमेरिकेच्या पश्चिम भागात स्नोटेल ही स्वयंचलित केंद्रं बर्फातलं पाणी मोजतात. तिसरं, एकूण लिफ्टपैकी किती चालू आहेत. तो आकडा फुगवणं कठीण असतं आणि डोंगराची प्रकृती त्यातून लवकर कळते.

‘वार्षिक सरासरी हिमवृष्टी’ या आकड्यावर फार विसंबू नका. सरासरीत एक भरघोस वर्ष दोन कोरडी वर्षं झाकून टाकतं. तुम्ही जाणार त्या आठवड्यात, मागच्या दहा वर्षांत, मधल्या उंचीवर किती थर होता, हा प्रश्न विचारा. हवामानाच्या बऱ्याच स्की-संकेतस्थळांवर ही माहिती असते.

गर्दी नकाशावर दिसते

उतारांचा नकाशा समोर ठेवा आणि गावातून वर जाणाऱ्या लिफ्ट मोजा. सकाळी सगळे एकाच वेळी निघतात. दार एकच असेल तर डोंगर कितीही मोठा असला तरी रांग तिथेच लागणार. बल्गेरियातलं बान्स्को स्वस्त आणि नीटनेटकं आहे, पण गावातून वर जायचा मुख्य मार्ग म्हणजे एक गोंडोला, आणि सकाळची तिची रांग प्रसिद्ध आहे. तीन-चार वेगवेगळ्या वस्त्यांमधून लोक वर जात असतील तर तीच संख्या विरून जाते. खालच्या उतारांवर बर्फ नसेल तर संध्याकाळी सगळ्यांना त्याच लिफ्टने खाली यावं लागतं, म्हणजे रांग दिवसातून दोनदा.

‘वेगवान लिफ्ट’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या. सुटणाऱ्या पकडीच्या खुर्च्या (स्थानकात दोरापासून सुटून हळू होणाऱ्या) साध्या खुर्च्यांच्या दुप्पट वेगाने धावतात, पण त्यांच्यातलं अंतरही जास्त असतं. तेवढ्याच आसनांच्या जुन्या लिफ्टच्या तुलनेत तासाला वर जाणारी माणसं फार वाढत नाहीत. तुमचा खुर्चीवरचा वेळ मात्र निम्मा होतो. रांग कमी होते ती आसनं वाढली की. आणि सगळे पटापट वर पोचले की गर्दी उतारावर येते. नवशिक्यांसाठी ती रांगेपेक्षा वाईट. भरधाव माणसं दोन्ही बाजूंनी जात असताना वळायला शिकणं फार कठीण असतं.

काही ठिकाणी संख्याच मर्यादित ठेवतात. युटातलं डीअर व्हॅली दिवसाची तिकिटं ठरावीकच विकतं. (तिथे आणि ऑल्टात स्नोबोर्ड चालत नाही, गटात कुणी स्नोबोर्डवाला असेल तर आधीच लक्षात घ्या.) याउलट, एकाच हंगामी पासवर डझनावारी रिसॉर्ट चालणारी एपिक आणि आयकॉनसारखी योजना जिथे लागू आहे तिथे बर्फ पडल्याची बातमी आली की पासवाले सगळे एकदम हजर होतात. मोठ्या नावाच्या शेजारचं, त्या योजनेत नसलेलं रिसॉर्ट बरेचदा त्याच ढगातला बर्फ घेतं आणि मोकळं असतं. असं शेजारी शोधणं हा माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वात फायद्याचा अर्धा तास आहे.

तिथे पोचल्यावर: पहिल्या लिफ्टला हजर राहा, थेट सर्वात दूरच्या भागात जा, साडेअकराला किंवा दोननंतर जेवा. एकटे असाल तर एकट्यांची रांग वापरा.

पैशाचा हिशोब

लिफ्टच्या पासची किंमत तुलना करायला सोपी, म्हणून सगळे तीच बघतात. एकूण खर्चात राहणं, प्रवास, साहित्याचं भाडं, शिकवणी आणि डोंगरावरचं जेवण मिळून त्याहून खूप जास्त होतं. हे सगळं जोडा आणि प्रत्यक्ष स्कीइंग होईल अशा दिवसांनी भागा. विमानतळापासून पाच तास लांब असलेलं स्वस्त रिसॉर्ट येता-जाता मिळून एक दिवस खातं. चार दिवसांच्या सहलीत तो पाव भाग झाला.

दुसरं, वापरणार नाही त्याचे पैसे देऊ नका. ‘सहाशे किलोमीटर उतार’ ऐकायला भारी वाटतं, पण शिकाऊ माणूस आठवडाभर तीन-चार उतारांवरच असतो. त्याला पूर्ण क्षेत्राचा पास घेऊन देणं म्हणजे पैसे बर्फात टाकणं. बऱ्याच फ्रेंच रिसॉर्टमध्ये नवशिक्यांच्या काही लिफ्ट फुकट असतात किंवा त्यांचा वेगळा स्वस्त पास मिळतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

अमेरिकेत हिशोब वेगळा. मोठ्या रिसॉर्टच्या तिकीटखिडकीवर एका दिवसाचे २०० डॉलरहून जास्त मोजावे लागतात, तर हंगामी पास वसंतात सर्वात स्वस्त निघतो, मग महाग होत जातो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. चार-पाच दिवस जाणार असाल तरी पास परवडतो, फक्त निर्णय महिनोन्‌महिने आधी घ्यावा लागतो. युरोपात दिवसाचा पास त्यामानाने बराच स्वस्त. स्वित्झर्लंडमध्ये काही ठिकाणी मागणीप्रमाणे दर बदलतात, तिथे लवकर घेणाऱ्याचा फायदा.

राहण्यात वाचवायचं तर शेजारचं गाव बघा. फ्रान्समधलं ब्रीद-ले-बँ हे गाव खाली सहाशे मीटरवर आहे, पण १९९२ च्या ऑलिंपिकच्या वेळी बांधलेली गोंडोला तिथून थेट वरच्या मेरिबेल रिसॉर्टला जाते. इटलीतल्या चेर्व्हिनियात राहून सीमेपलीकडे झेरमॅटच्या बाजूला उतरता येतं. मात्र वारा वाढला की सीमेवरच्या लिफ्ट बंद होतात आणि पलीकडे अडकलात तर परतीची टॅक्सी डोंगररांगेला वळसा घालून येते. शेवटच्या लिफ्टची वेळ पाठ असू द्या.

विम्यावर कात्री लावू नका. आखलेल्या उतारांबाहेर जाणार असाल तर पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं हवं, हेलिकॉप्टरने सुटका धरून. युरोपात आखलेल्या उताराबाहेर पाऊल टाकलं की हिमस्खलनापासून बचाव सहसा ज्याचा त्याने करायचा असतो. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीतल्या उघड्या भागांची देखरेख होते, हद्दीबाहेर नाही.

एक उदाहरण करून पाहू

चौघांचं कुटुंब. आई सराईत, बाबा बरे, दोन मुलं पहिल्यांदाच. सुट्टी फक्त नाताळात.

आठवडा हातात नाही, म्हणजे गर्दी आणि दर दोन्ही जास्त असणार. उरतो तो बर्फ. म्हणून उंच गावांचीच यादी करायची: ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल १,९३० मीटरवर, चेर्व्हिनिया २,०५० मीटरवर, व्हाल तोराँस त्याहून वर. मग मुलांचा विचार. नवशिक्यांचा पट्टा गावाला लागून, मुख्य वाहतुकीपासून वेगळा आणि वाऱ्याच्या आड हवा. चेर्व्हिनियाचे सोपे उतार लांबच लांब आहेत, पण ते उघडे, वाऱ्याचे. ओबरगुर्गल लहान आणि शांत, आईला तिसऱ्या दिवशी कदाचित कंटाळा येईल. मी असते तर ओबरगुर्गल घेतलं असतं, कारण मुलांचे पहिले तीन दिवस बिघडले तर चौघांची सुट्टी बिघडते. पास मुलांसाठी छोटा, मोठ्यांसाठी पूर्ण. प्रशिक्षक मात्र सप्टेंबरमध्येच ठरवायचा, नाताळात ऐनवेळी मिळत नाही.

हेच कुटुंब जानेवारीअखेर जाऊ शकलं तर यादी एकदम मोठी होते. मध्यम उंचीची, जुन्या गावांची, स्वस्त ठिकाणंही चालतात, फक्त रद्द करता येईल असं बुकिंग घ्यायचं.

पैसे भरण्याआधी

सात दिवसांपलीकडचा बर्फाचा अंदाज वाचून ठिकाण बदलू नका, तो अंदाज स्वतःच दोनदा बदलतो. पाच दिवस उरले की शून्य अंशाची पातळी, म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची, किती मीटरवर असेल ते बघा. ती तुमच्या गावाच्या वर आणि मधल्या स्थानकाच्या खाली असेल तर वर जाऊन स्कीइंग करता येईल, खाली पाऊस असेल. वाऱ्याचा वेगही त्याच वेळी पाहून घ्या.

आणि पासच्या अटी वाचा. आजारपणात पैसे परत मिळतात का, किती लिफ्ट बंद झाल्या तर भरपाई मिळते, आणि ती रोख की पुढच्या हंगामाचं कूपन, हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. वाऱ्याने दोन दिवस सगळं बंद राहिलं तर खिडकीवर दाखवायला तोच कागद लागतो.